पारोशी नोंद

दिवस पहिला. वेळ ११:४०. वरचा १३६, खालचा ७८. सही: उर्वशी.

वही विपुलने आणली आणि रेघाही त्यानेच आखल्या. देवासला एका कारखान्यात तो मेंटेनन्सला आहे. तिथे कंप्रेसरची जशी नोंदवही असते तशीच त्याने आईची केली. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, सही.

"सही कुणाची?" सीताबाईंनी विचारलं. "तुझा कंप्रेसर सही करतो का?"

"उर्वशी करेल. तू केलीस तर मी मानणार नाही, बाई."

त्यांच्या घरात आईला बाई म्हणतात. विपुल म्हणतो, विपुलचे वडील त्यांच्या आईला म्हणत, आणि मराठी लष्करामागून धारेत आलेले त्यांचे कोण कुठले पूर्वजही म्हणत असणार. सून उर्वशीही बाईच म्हणते, फक्त तुम्ही लावून.

अट अशी होती. पंधरा दिवस बाईंनी देवासला राहायचं आणि रोज बीपी मोजायचं. वरचा आकडा पंधराही दिवस एकशे चाळीसच्या आत राहिला तर बाई परत धारला, आपल्या दोन खोल्यांत, एकट्या, पूर्वीसारख्या. एक दिवस जरी वर गेला तर देवास. कायमचं.

"लिहून दे," बाई म्हणाल्या.

त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं.

बाईंना एकाहत्तरावं चालू आहे. महिन्यापूर्वी धारला पहाटे नळावर हंडा उचलताना त्या खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या, असं त्या म्हणतात. शेजारचा फत्तेसिंग म्हणतो पडल्या, कारण उचललं त्याने. मनगट सुजलं, बाकी काही नाही. विपुल त्याच दिवशी गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. देवासच्या घरात त्यांच्या खोलीत नवा पलंग होता.

पाहुण्याला गादी घालतात. पलंग घेतात तो राहणाऱ्यासाठी. तो पलंग पाहून बाईंना जेवढी भीती वाटली तेवढी नळावरही वाटली नव्हती.

दिवस दुसरा १३४. तिसरा १३८. चौथा १३२.

जिंकत होत्या.

दिवस पाचवा. वेळ ११:५०. १३५, ७६. सही: उर्वशी.

मशीन देवघरात असे. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. मशीन घरी आलं त्या दिवशी उर्वशीने त्याला कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि देवांखालच्या फळीवर ठेवलं. स्कूटर आली तेव्हा असंच केलं, मिक्सर आला तेव्हाही. पण स्कूटर दारात जाते, मिक्सर ओट्यावर जातो. मशीन तिथेच राहिलं, चांदीच्या टाकांच्या पायाशी. आणि देवाच्या फळीला या घरात कुणी पारोसं, म्हणजे आंघोळीआधी, हात लावत नाही.

आंघोळीचे नंबर ठरलेले. आधी विपुल, त्याची सातची ड्यूटी. मग उर्वशी, कारण ओटा तिचा. तिची शाळा दुपारची. मग नवाच्या सुमारास बाई. मग पूजा. टाक धुवायचे, पुसायचे, गंध, फूल, साखरेचा नैवेद्य. तोवर तोंडात पाण्याशिवाय काही नाही, हे बाईंनी सासूकडून घेतलेलं आणि पन्नास वर्षांत न मोडलेलं. त्यामुळे बीपीची गोळी साडेदहाला. मग पोहे. मग मशीन.

धारलाही असंच. नळ आधी, आंघोळ नंतर, मग देव, मग गोळी. दवाखान्यात जायच्या त्या दुपारी. डॉक्टर पट्टा बांधत आणि म्हणत, छान आहे, चालू ठेवा.

दिवस सहावा १३३. सातवा १३७. आठवा १३१.

"रनिंग कंडिशन एकदम ओके," वही पाहून विपुल म्हणाला. "बाई, तू तर माझ्या प्लँटपेक्षा भारी निघालीस."

"मग पलंग परत कर," बाई म्हणाल्या.

दिवस नववा. वेळ ११:३०. १३४, ७७. सही: उर्वशी.

वहीत नाही ते:

साडेपाच. जाग. इथे नळावर जायचं नसतं तरी जाग येतेच. पाय खाली. एकदम उभ्या. आणि मानेच्या मागे ठोका. एक. मग दुसरा. कानात आवाज, नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा धावते तसा. खोली तिरकी. चौकट. हातात चौकट आली म्हणून. चौकट नसती तर.

बसल्या. या वेळी खरोखरच बसल्या, पलंगावर.

आत विपुलच्या आंघोळीचं पाणी पडत होतं. उर्वशी डबा भरत होती. कुणी पाहिलं नाही. सहा तासांनी मशीनने १३४ दाखवलं आणि उर्वशीने सही केली. तिचं काही चुकलं नव्हतं. आकडा खराच होता.

आता थोडं मागे, कारण बाई त्या दिवशी तिथेच गेल्या.

बावीस वर्षं सीताबाईंनी धारमध्ये पाण्याच्या एका टाकीचा वॉल्व्ह उघडला. नोकरी नवऱ्याची होती. तो गेल्यावर नोकरी, त्याची सायकल आणि कमरेएवढी लोखंडी चावी अशा तीन गोष्टी त्यांच्याकडे आल्या. पहाटे साडेचारला सायकलच्या दांड्याला चावी बांधून त्या निघत. मोहल्ला त्यांना नलवाली बाई म्हणे. पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या गणोजीने शिकवलं: पाव चक्कर, थांब, दहा आकडे मोज, पुन्हा पाव. एकदम उघडलंस तर पाणी धावत जातं आणि पाइपवर डोकं आपटतं. काळा प्लास्टिकचा पाइप असला तर जरा फुगतो, सोसतो. जुना बिडाचा पाइप फुगत नाही. तो सरळ फुटतो.

हे त्यांना इतकं ठाऊक, की झोपेत विचारलं तरी सांगतील. तरीही एका उन्हाळ्यात, लाइनचा दाब रोज लिहून ठेवायचं काम आलं तेव्हा, त्यांनी तो दुपारी लिहिला. पहाटे हात मोकळे नसत. दुपारी स्वयंपाक आटोपून त्या जात, गेजची सुई पाहत, वहीत आकडा टाकत. महिनाभर ओळीने चांगले आकडे. एकतिसाव्या दिवशी पहाटे गल्लीतली बिडाची लाइन फुटली आणि फत्तेसिंगच्या ओट्यावर कारंजं उडालं. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. वही तपासली, आकडे चांगले, काम नीट.

त्यांना एकट्यांना माहीत होतं. दाब पहाटेचा आणि नोंद दुपारची.

पंचेचाळिसाव्या वर्षी केलेली चूक. एकाहत्तराव्या वर्षी तीच, दुसऱ्या वहीत.

दिवस दहावा १३६. अकरावा १३३.

चार दिवस. गप्प बसलं की झालं. चार दिवस, आणि आपलं कुलूप, आपली किल्ली, आपली तुळस. लिहायचं कशाला. कुणी विचारलंय का. पहाटे मोज असं कुणी म्हटलंय का. चार दिवस. आणि मग एखाद्या पहाटे नळावर, फत्तेसिंग त्याच्या पोरीकडे बदनावरला गेलेला असेल तेव्हा.

चार दिवस.

दिवस बारावा. वेळ ५:५०. वरचा १८२, खालचा ९४. सही: सीता.

या नोंदीचं असं झालं.

त्या देवघरासमोर उभ्या राहिल्या, पारोशी. अंगावर रात्रीचं लुगडं, केस सुटे. फळीला हात लावायचा नाही. मग आठवलं, लोकरीला पारोसं लागत नाही; हेसुद्धा सासूचंच शास्त्र. शाल आणली. हाताला कोपरापर्यंत गुंडाळली. देवांकडे न बघता मशीन ओढून काढलं, जसं चुलीवरून तापलेलं पातेलं काढतात.

"खाल्लं काही नाहीये," त्या टाकांना म्हणाल्या. "फक्त मोजतेय."

खुर्ची. पाठ टेकवली, पाय जमिनीवर. पाच मिनिटं काही न करता बसायचं, असं डबीवर चित्र होतं. पाच मिनिटं काही न करणं हे बाईंना त्या पहाटेचं सगळ्यात अवघड काम वाटलं. पट्टा. बटण. हात आवळला, सुटला.

१८२.

थांबल्या. पुन्हा. १८४. पुन्हा. १८०.

वही उघडी. मागची पानं कोरी होती. मागच्या पानावर लिहिता आलं असतं, स्वतःपुरतं. पान फाडताही आलं असतं, वही स्टेपलची होती. पेन हातात घेऊन त्या बसल्या, आणि बाहेर दूधवाल्याची गाडी येऊन गेली तोवर बसून राहिल्या.

मग बाराव्या ओळीत लिहिलं. पेन्सिलने नाही. सहीच्या रकान्यात सही केली.

विपुल टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा वही टेबलावर उघडी होती.

"हे काय?"

"नोंद."

"बाई, पहाटे कोण मोजतं? आत्ता उठलीस तू. असला आकडा येतोच कुणाचाही."

"तुझा येतो?"

"माझा कशाला येईल?"

"मी पडले कधी?" बाईंनी विचारलं. "दुपारी का पहाटे?"

बाई स्वतःच्या तोंडाने पडले म्हणाल्या होत्या, महिन्यात पहिल्यांदा. तो खुर्चीवर बसला, वहीचं पहिलं पान उलटलं, तिथे त्याचंच अक्षर होतं.

"मग तर बातच संपली," तो म्हणाला. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "एक दिवस जरी वर गेला तर. तूच लिहून घेतलंस."

"हो. आणि आजचं मीच लिहिलंय."

"मग धार विसर."

उर्वशी पोळी तव्यावर टाकून आली होती. ती तशीच उभी राहिली, हाताला पीठ.

"एक मिनिट थांबा हो," ती नवऱ्याला म्हणाली. "तीन दिवस राहिले होते यांचे. गप्प बसल्या असत्या तर रविवारी तुम्हीच हौसेने गाडी काढून सोडून आला असतात."

"आणि तिथे परत पडली असती. तेच तर म्हणतोय मी. एकटीला कसं ठेवायचं?"

"जी बाई स्वतःचा हरायचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिते, तिलाच एकटं ठेवता येतं. तुम्हाला नाही ठेवता येणार. गाडीत सर्व्हिसिंगचा लाल दिवा लागला तर तुम्ही त्यावर टेप चिकटवता."

"तो सेन्सर खराब होता."

"चार वर्षं?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हा या मुलीला मराठी वाचता येत नव्हतं. आरतीचं पुस्तक तिने देवनागरी ओळखीची म्हणून हिंदीच्या चालीवर वाचलं होतं आणि बाई हसल्या होत्या. आता ती बाईंच्या बाजूने खटला लढवत होती.

"पोळी," बाई म्हणाल्या. "करपतेय."

"करपू दे," उर्वशी म्हणाली. "आधी हे लिहा. नवी अट. डॉक्टरांकडे आज. मग एकवीस दिवस, रोज पहाटेचा आकडा, पारोसाच. तो उतरला तर धार."

विपुलने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. पेन घेतलं. पोळी करपली.

देवासच्या डॉक्टर शिखा वही मागून पुढे वाचतात. शेवटच्या ओळीपासून वर गेल्या, मग परत खाली आल्या.

"ये बारह नंबर किसने लिखा?" त्यांनी विचारलं, आणि बाईंकडे पाहून मराठीवर आल्या. "बाकी अकरा ओळींपेक्षा ही एक ओळ माझ्या कामाची आहे."

दोन्ही हातांचं बीपी घेतलं. बसवून घेतलं, उभं करून घेतलं. घोट्यापाशी नाडी चाचपली. रक्त, लघवी, ईसीजी लिहून दिला.

"पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत दाब स्वतःच वाढवतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचाच थोडा वाढतो. तरुण रक्तवाहिनी लवचीक असते, ताणली जाते, सोसते. वयाबरोबर ती ताठ होते."

"बिडाची लाइन," बाई म्हणाल्या.

"काय?"

बाईंनी सांगितलं. गणोजी, पाव चक्कर, काळा पाइप, बिडाचा पाइप. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं. बाहेर चार पेशंट खोकत होते.

"हेच," त्या म्हणाल्या. "आणि तुमची गोळी सकाळी साडेदहाची. ती दुपारी जोरात असते, तुमचं बीपी मोजलं जातं तेव्हा. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तिचा दम संपतो. चक्कर त्यानेच आली असं मी छातीठोक सांगणार नाही, बाकीचे रिपोर्ट येऊ दे. पण हा आकडा मी असा सोडणार नाही."

"गोळी पहाटे घेऊ का?"

"घ्याल? पूजेआधी?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग जास्त वेळ टिकणारी देते, रात्री जेवणानंतर. वेळेपेक्षा रोज न चुकता घेणं महत्त्वाचं. आणि स्वतःच्या मनाने कमीजास्त करायची नाही. मीठ कमी. पापड, लोणचं." डॉक्टर थांबल्या. "शेव."

"शेवसुद्धा?"

"शेव आधी."

माळव्यात पोह्यांवर शेव नको म्हणणं म्हणजे लग्नात नवरदेव नको म्हणणं. बाईंनी ते म्हटलं. पहिल्या दिवशी उर्वशीने सवयीने मूठ भुरभुरली, तेव्हा त्यांनी चमच्याने एकेक काडी वेचून विपुलच्या ताटात टाकली.

मशीन देवघरातून पलंगाशेजारी आलं. उर्वशीनेच आणलं, आंघोळ करून, नमस्कार करून.

५:५०, १७६. सही: सीता.

५:५०, १७८.

५:४५, १६९.

५:५०, १७२. रडल्या. थोड्याच. वहीत लिहिलेलं नाही.

पाच दिवसांनी डॉक्टरांनी गोळीत बदल केला.

५:५०, १६१.

आता त्या उठत नसत, उघडत. जाग आली की आधी डोळे. मग कूस. मग बसायचं, पाय खाली सोडून. दहा आकडे. मग उभं, पलंगाला धरून. दहा आकडे. मग पहिलं पाऊल. पाव चक्कर, पाव चक्कर. बावीस वर्षं एका अख्ख्या मोहल्ल्याला ज्या सबुरीने पाणी सोडलं ती स्वतःला कधी दिली नव्हती.

५:५०, १५४. १४८. १४९. १४१.

संध्याकाळी उर्वशीबरोबर देवासच्या देवीच्या टेकडीच्या पायथ्याला चालणं. आधी अर्धा फेरा. मग पूर्ण. डॉक्टरांना विचारून एका रविवारी पायऱ्याही, वीस चढायच्या, टेकायचं, पुन्हा वीस. रोपवे डोक्यावरून जात होता आणि विपुल त्यात बसून हात हलवत होता, कारण त्याला दम लागतो.

त्या वर पोचल्या तेव्हा तो आइस्क्रीम खात होता.

"काय भिया," बाई इथल्या पोरांसारखं भैयाचं भिया करून म्हणाल्या, "तुमचा आकडा कधी घ्यायचा?"

तो दुसऱ्या दिवशी उर्वशीने घेतला, पहाटे, तो पळून जायच्या आत. मागच्या कोऱ्या पानावर लिहिला. १४८, ९६. विपुलने आधी मशीन खराब आहे म्हटलं. मग तो आकडा बराच वेळ पाहत राहिला. संध्याकाळी कारखान्यातून येताना त्याने स्वतःसाठी डॉक्टर शिखांचा नंबर लावला, आणि गाडीच्या डॅशबोर्डवरची टेप काढली.

५:५०, १३७. १३४. १३८. १३२.

एकविसाव्या दिवशी १२९.

सही करताना बाईंनी रकान्याची रेघ ओलांडली. सही दोन रकान्यांत पसरली, सीता आणि मग पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, नोकरीच्या रजिस्टरमध्ये करायच्या तशी.

"पलंगाचं काय करायचं?" विपुलने विचारलं.

"ठेव," बाई म्हणाल्या. "मी पाहुणी म्हणून आले की झोपेन."

धार. वेळ ६:०५.

कुलूप उघडून तिसरा दिवस. तुळस फत्तेसिंगने जगवली होती, कोपऱ्यात जरा जास्तच पाणी घालून. अंगणात नळाखाली हंडा लावलेला. बाई दारातल्या खुर्चीवर, पाठ टेकून, हाताला पट्टा. पारोशी. मशीन मांडीवर.

पाच मिनिटांतली दोन झाली होती.

पाणी आलं. आधी हवा, मग खाकरा, मग धार. कोण उघडतंय कोण जाणे, पण हळू उघडतोय, बाईंना आवाजावरून कळलं. पाव चक्कर. थांबला. पुन्हा पाव. त्यांनी त्या अनोळखी हाताला मनातल्या मनात पास केलं.

तीन मिनिटं. हंडा गळ्यापर्यंत.

या बाईने आयुष्यात पाण्याचा थेंब वाहू दिला नव्हता. दुसऱ्याच्या दारातला नळ वाहताना दिसला तर त्या सायकलवरून उतरून बंद करत. पाय आपोआप उचलले गेले. त्यांनी ते परत जमिनीवर ठेवले.

हंडा भरला. पाणी काठावरून उतरलं, फरशीवरून तुळशीपर्यंत गेलं, तिथून मोरीकडे.

भिंतीपलीकडून फत्तेसिंगचं डोकं वर आलं. "काकी, पाणी जई रियो है."

उत्तर नाही. मोजताना बोलायचं नसतं.

"काकी? कई हुयो?" त्याचा आवाज चढला. मागच्या वेळेचं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तो भिंतीवर एक पाय टाकून अर्धा आत आला, साठीचा माणूस, लुंगीत. बाईंनी मोकळा हात वर केला. थांब.

तो तिथेच थांबला, भिंतीवर घोडेस्वारासारखा.

बटण. पट्टा फुगला, हात आवळला, हळूहळू सुटला. पाणी वाहत होतं. दोघं मशीनकडे बघत होते.

"एकशे सव्वीस," बाई म्हणाल्या. "खाली चौऱ्याहत्तर."

"अच्छो है?"

"वहीत लिहिण्यासारखं आहे."

त्यांनी लिहिलं, सही केली, वहीचा फोटो काढून देवासला पाठवला. देवासहून लगेच दुसऱ्या वहीचा फोटो आला, १४०, सही विपुलची, आणि खाली उर्वशीने लिहिलं होतं, मराठीत, एकही काना न चुकवता: यांची शेव बंद.

बाईंनी पट्टा सोडला. पाय जुळवले. दहा आकडे. खुर्चीच्या हाताला धरून उभ्या. दहा आकडे. मग पाण्यातून चालत नळापर्यंत गेल्या आणि तो बंद केला, पाव चक्कर, पाव चक्कर. फत्तेसिंग अजून भिंतीवरच होता.

"उतर आता," त्या म्हणाल्या. "पण हळू."